तपासणीचा माल

मिरचीचा हंगाम सुरू झाला हे मला कॅलेंडरवरून नाही, घशावरून कळतं. फेब्रुवारी सरत आलेला असतो. नागपूरची सकाळ अजून गोड असते, पहाटे अंगावर पातळ चादर लागते, कूलर अजून गच्चीच्या कोपऱ्यात प्लास्टिक पांघरून पडलेले असतात. आणि एखाद्या दिवशी खालच्या रस्त्यावरून मिरचीच्या बोऱ्यांनी भरलेली गाडी जाते. वारा नसतो, तरी थोड्या वेळात नाक चुरचुरायला लागतं, डोळ्यांच्या कडा ओल्या होतात आणि मग तो कोरडा, हट्टी ठसका. आमच्या भागात या दिवसांत कोणी खोकलं तर बरं नाही का, असं विचारत नाहीत. आली वाटते मिरची, एवढंच म्हणतात.

यंदाही आली. बाबांनी मिरचीचा धंदा सोडला त्याला बराच काळ झाला, पण घरापुरती मिरची अजून कुही तालुक्यातूनच येते, त्यांच्या ओळखीच्या शेतातून. ती गच्चीवर जुन्या चादरीवर पसरली आहे. बाबा स्टुलावर बसून देठ खुडतात. एखादी मिरची उचलून कानाशी नेतात, हलवतात, आत बी वाजलं तर ती सुकलेल्या ढिगात टाकतात. मी कॉलेजातून फिजिक्स शिकवून येते, पर्स टाकते आणि नाकाला ओढणी लावून त्यांच्या शेजारी बसते. परवा अशीच बसलेली असताना माझा फोन वाजला. अंतराळात कुठेतरी दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली, त्या धक्क्याची गुरुत्वीय लहर पृथ्वीवरून गेली आणि यंत्रांनी ती टिपली, असं सांगणारा संदेश होता. हल्ली असे संदेश येतच असतात. लोकांना कुरिअर आल्याचे येतात, मला कृष्णविवरांचे येतात.

मी फोन उलटा ठेवला. बाबांनी कशाचा संदेश ते विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आमच्यात हे असंच आहे. जगातल्या सगळ्या गोष्टींवर आम्ही बोलतो, पाटवडीच्या रश्शात तेल किती असावं यावर भांडतो, आणि ज्या कामात माझी उमेदीची वर्षं गेली त्यावर अवाक्षर काढत नाही. बाबांचा माझ्या कामावर विश्वास आहे की नाही, हे इतक्या वर्षांत मला कळलेलं नाही. या गोष्टीचा मला जो वैताग येतो तो मिरचीच्या ठसक्यासारखाच आहे, पाणी प्यायलं तरी जात नाही.

एके वर्षी मात्र असं नव्हतं. त्या हंगामात बाबा रोज विचारायचे.

तेव्हा मी दक्षिणेतल्या एका संस्थेत पीएच.डी. करत होते. आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि ते नेमकं मिरचीच्या दिवसांत आलं. बाबांना गोदाम सोडून हलता येईना, म्हणून मी लॅपटॉप उचलून घरी आले. गोदाम खाली, आम्ही वर. खाली लाल ढीग आणि त्याभोवती तोंडाला फडकी बांधून देठ खुडणाऱ्या बाया, वर सगळ्या खिडक्या बंद करून काळ्या चष्म्यात बसलेली आई, आणि आतल्या खोलीत मी. दिवसभर पडद्यावरच्या वेड्यावाकड्या रेघा बघायच्या, हे माझं काम. संध्याकाळी खालच्या बाया हाताला तेल चोळून घरी जायच्या, बाबा जिना चढून वर यायचे, शर्ट दाराबाहेरच झटकायचे आणि पाण्याचा पेला हातात घेऊन माझ्या दारात उभे राहायचे.

"काय पाहून राहिली वं मंजू तू दिवसभर?"

"लहर शोधून राहिले, बाबा."

"दिसली का?"

"नाही."

"बरं. उद्या पाहू," असं म्हणून ते पाणी प्यायचे, जणू त्यांचाही त्या शोधात हिस्सा होता.

आणि होताच. कारण बाकी कोणालाच त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. नातेवाइकांचा एकच प्रश्न असायचा, त्यानं फायदा काय. कुहीच्या आत्याने तर सरळ विचारलं होतं की हे सापडलं तर धानाले भाव येईल का. त्या सगळ्यांना बाबा एकटे तोंड द्यायचे. पोरगी काय करते, लग्नाचं काय, रेघांकडे पाहायचा पगार भेटते का. बाबा म्हणायचे, थांबा ना, सापडलं की सांगतो. लोकांना सांगण्यासारखं काहीतरी त्यांना माझ्याकडून हवं होतं. मोठं मागणं नव्हतं ते. आणि मलाही दुसरं काही नको होतं, बाबांनी चारचौघांत मान वर करून ते सांगावं, एवढंच हवं होतं.

त्यांना समजावून सांगायला मला आवडायचं. दहावी झालेला माणूस, पण प्रश्न असे विचारायचा की माझ्या वर्गातली पोरं आजही विचारत नाहीत. दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत फिरत जवळ येतात, वेग वाढत जातो आणि शेवटी एक होतात, हे सांगताना मी स्वयंपाकघरातून स्टीलची ताटली आणली आणि फरशीवर टाकली. ती गरगर थरथरत राहिली, आवाज दाट होत गेला, आणखी दाट झाला आणि एकदम गप्प. "हा शेवटचा दाट आवाज आहे ना, तो आम्ही शोधतो," मी म्हटलं. आतून आई ओरडली की डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, कानाचंही करायचं आहे का. बाबांनी ताटली उचलली आणि हळूच परत टाकून पाहिली.

मग त्यांचा पुढचा प्रश्न. "पण इथं तर किती आवाज असतात. ट्रक जाते, रेल्वे जाते. तुमच्या यंत्राले कसं समजते का हा वरचाच आहे?" मी म्हटलं, यंत्रं दोन असतात, एकमेकांपासून हजारो किलोमीटर दूर. ट्रक एकाच ठिकाणी जातो, लहर दोन्हीकडून जाते. त्याच क्षणी खाली बाया खोकल्या आणि पाठोपाठ वर आईला ठसका लागला. "बघा, दोन्हीकडं खोकला म्हणजे मिरची. एकटी आई खोकली तर सर्दी." बाबा इतके हसले की त्यांनाही ठसका लागला. पुढे कितीतरी दिवस आई शिंकली की ते जिन्यातून ओरडून खाली विचारायचे, "कोणी शिंकलं का वं तिकडं?"

मी ज्या रेघांकडे बघत होते त्यात थंडीच्या दिवसांत नोंदलेला एक तुकडा होता. दोन्ही यंत्रांत सारखा. अगदी त्या ताटलीसारखा, हळू, मग दाट, मग शांत. तो खराच आहे का हे पाहायचं काम ज्या काही जणांकडे होतं त्यांत मी होते. तोवर जगात एकही गुरुत्वीय लहर कोणाला सापडलेली नव्हती. मी तो तुकडा हरप्रकारे मोडायचा प्रयत्न केला. जमीन हलली होती का, वारा होता का, जवळ कोणी दार आपटलं का, एखादी वायर सैल होती का. ज्या आरशांवरून हे मोजतात त्यांचं हलणं प्रोटॉनच्या हजाराव्या भागाइतकं असतं, त्यामुळे संशय घ्यायला जागा कमी नसते. पण तो तुकडा मोडेना. आई झोपलेली, खाली बाया गाणी म्हणताहेत, बंद खिडकीच्या फटीतून लाल धूळ येऊन कीबोर्डवर बसते आहे, आणि मी खोकत खोकत एकेक शंका खोडते आहे. इतक्या आनंदात मी नंतर कधी खोकले नाही.

होळीच्या आधी एका दुपारी मी जेवण ताटात तसंच सोडून उठले. बाबांनी काय झालं म्हणून विचारलं. बाहेर कोणालाही काही सांगायचं नाही असा आमच्या कामातला कडक नियम. मी सांगितलं, "बाबा, बहुतेक सापडली." नियम मोडला म्हणा हवं तर. मला त्याचं तेव्हाही वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. ज्या माणसाने रोज जिना चढून विचारलं त्याला नाही सांगायचं तर कोणाला सांगायचं?

बाबा ताटावरून उठले. हात धुतले, चप्पल घातली आणि रस्ता ओलांडून खुशालकाकांच्या गाळ्यात गेले. खुशालकाकांचा लसूण-आल्याचा धंदा होता. बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त, आणि माझ्यावरून त्यांना सगळ्यात जास्त छळणारेही तेच. बाबांनी फक्त त्यांना सांगितलं. पण खुशालकाकांना सांगणं म्हणजे काय ते आमच्या अख्ख्या रस्त्याला माहीत होतं. संध्याकाळी ते पेढ्याचा डबा घेऊन गाळ्यागाळ्यांतून फिरले. "घ्या गा, वसंताच्या पोरीनं आभाळातलं पकडलं." काय पकडलं ते त्यांना सांगता येत नव्हतं आणि कोणी विचारतही नव्हतं. मला त्यांनी जिन्यातूनच आवाज दिला, "मंजू, तू पक्कं कर वं, मी रामटेकले जाऊन गड चढतो. गुडघे गेले तरी चढतो." बाबा खाली उभे होते, लाल धुळीने भुवया माखलेल्या, आणि ज्यांनी इतकी वर्षं विचारून विचारून भंडावलं होतं ते सगळे येऊन त्यांच्या पाठीवर थाप मारत होते. मी वरून खिडकी उघडून बघत होते. आईच्या डोळ्याला धूळ चालत नाही हे विसरून पूर्ण उघडली होती.

पाडव्याच्या थोडं आधी आमच्या सगळ्या चमूची ऑनलाइन बैठक झाली. आणि तिथे सांगण्यात आलं की तो सिग्नल आपणच घातलेला होता.

हे काय असतं ते सांगायला हवं. आमच्या कामात तेव्हा एक रीत होती. शोधणारे खरंच जागे आहेत का, त्यांच्या पद्धती नीट चालतात का, हे पाहण्यासाठी मोजकी माणसं गुपचूप यंत्राचे आरसे अगदी तसेच हलवायची, जसे खऱ्या लहरीने हलतील. बाकी कोणाला पत्ता नाही. मग शेकडो माणसं महिनोन्‌महिने त्यावर काम करणार, लेख लिहून तयार ठेवणार, आणि शेवटी ते सांगणार, खरं की आपलंच. असं होऊ शकतं हे आम्हा प्रत्येकाला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि जेवताना, झोपताना, खोकताना लक्षात असणं वेगळं.

बैठकीत टाळ्या वाजल्या. खरंच वाजल्या. कारण आपण परीक्षेत पास झालो होतो, पद्धती चोख ठरल्या होत्या, उद्या खरी लहर आली तर ती सुटणार नव्हती. सगळं बरोबर होतं. त्या रीतीत मला आजही चूक दाखवता येत नाही, आणि याचाच जास्त संताप येतो. चूक दाखवता आली असती तर निदान कोणाला तरी शिव्या घालता आल्या असत्या. मी लॅपटॉप बंद केला आणि खाली गेले. बाबा ढिगाशेजारी उकिडवे बसून ओंजळीत मिरच्या घेऊन बघत होते. मी त्यांना सांगितलं. त्यांना दोनदा सांगावं लागलं.

"म्हणजे तुमच्याच लोकांनी टाकली?"

"हो."

"तुले ओळखता येते का पाहाले?"

"हो."

"मंग ओळखली ना तू?"

"लहर म्हणून ओळखली. टाकलेली आहे हे नाही ओळखता आलं."

"ते ओळखता येत होतं का?"

"नाही. तसं येतच नाही."

बाबांनी ओंजळ रिकामी केली. "मंग परीक्षा कायची होती वं?"

माझ्याकडे उत्तर होतं. व्यवस्थित, शास्त्रीय, दहा मिनिटांचं. त्या बायांच्या मधोमध, त्या ढिगापाशी उभं राहून मला त्यातलं एक वाक्य तोंडातून काढता आलं नाही. बाबा उठले आणि हात न धुताच रस्ता ओलांडून गेले. बराच वेळ परत आले नाहीत. त्यांनी तिथे काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवसापासून आमच्या रस्त्याला एक नवा शब्द मिळाला. एखादी बोरी वरून लाल आणि आतून फिकी निघाली की खुशालकाका पलीकडून ओरडायचे, "वसंता, हा माल खरा आहे का तपासणीचा गा?" आणि ओळीने सगळे गाळे हसायचे. बाबाही हसायचे. ते हसणं मी वरून ऐकायची आणि मला कानावर उशी दाबून घ्यावीशी वाटायची. तपासणीचा कांदा, तपासणीचा पाऊस, तपासणीचा जावई. काही वर्षांनी तर हा शब्द कुठून आला हे माहीत नसलेली पोरंही तो वापरायला लागली.

मी परत गेले. बाबांनी फोनवर सापडली का हे विचारणं थांबवलं.

आणि मग खरी आली. काही वर्षांनी. आम्ही पुन्हा महिनोन्‌महिने तोंड बंद ठेवलं, पुन्हा तीच धडधड, पण या वेळी आधीच विचारून पक्कं केलं होतं की कोणी काही घातलेलं नाही. जगभर जाहीर झालं ते फेब्रुवारीत, मिरचीच्याच दिवसांत. टीव्हीवर, पेपरात, सगळीकडे. शंभर कोटींहून जास्त वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एक झाली होती, आणि तेव्हापासून चालत निघालेली ती थरथर आपल्यापर्यंत पोचली होती. मी घरी फोन लावला. म्हटलं, बाबा, टीव्ही लावा, सापडली, खरी आहे. मग बाबा म्हणाले, "बरं झालं. जेवली का?"

बस. एवढंच. सुट्टीत घरी आले तेव्हा रस्त्यावरचा एकही माणूस मला त्याबद्दल काही बोलला नाही. म्हणजे बाबांनी कोणाला सांगितलंच नव्हतं. त्या खोट्या लहरीसाठी चप्पल घालून रस्ता ओलांडणारा माणूस खऱ्या लहरीसाठी खुर्चीतून उठला नव्हता. खुशालकाका भेटले, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, कशी आहेस विचारलं आणि लसणाकडे वळले. मी मनात म्हटलं, झालं, संपलं. माझ्या कामावरचा बाबांचा विश्वास त्या लोकांनी एका टेस्टसाठी वापरून टाकला, आणि तो परत कोणी करून देणार नाही. मी पुढे नागपुरात नोकरी घेतली, आई गेली, गोदाम भाड्याने दिलं, दर हंगामात देठ खुडले आणि तोंड बंद ठेवलं. गेल्या पावसाळ्यात खुशालकाकाही गेले.

परवा मात्र थोड्या वेळाने फोन पुन्हा वाजला. दुसरा संदेश, पहिल्याचाच पुढचा तपशील. मला काय झालं कोण जाणे, हातातली मिरची मी चादरीवर आपटली.

"बाबा, तुम्ही तेव्हा कोणाले काहून नाही सांगितलं?"

"कधी?"

"खरी आली तेव्हा. तुम्हाले वाटलं ना, हेही खोटंच असंन?"

बाबांनी देठ खुडायचं थांबवलं नाही. "खोटं काहून वाटंन? तू बोलली ना खरी आहे म्हणून. मले त्याच दिवशी पटलं."

"मंग?"

"मंग काय. मागच्या खेपेले मी सांगितलं, लोकं मले हसले. मले हसले त्याचं काही नाही. पण तपासणीचा, तपासणीचा करत ते तुले हसत होते, ते माह्याच्यानं ऐकवत नव्हतं. म्हटलं, पुन्हा कोणी येऊन बोललं का आम्हीच टाकली होती, तर पोरीले इथं तोंड दाखवता येणार नाही. म्हणून चूप राहिलो."

"पण पेपरात आलं होतं, बाबा."

"आलं होतं ना. खुशालनं टीव्हीवर पाहिलं. लगेच आला होता, पेढ्याचा डबा घेऊन. मले म्हणे, वसंता, हे आपल्या मंजूचंच ना? मी म्हटलं, थांब, अजून पक्कं नाही, कोणाले बोलू नको. वापस पाठवला त्याले."

"डबा घेऊन?"

"हो. दोन-तीन वर्षं विचारत राहिला, झालं का पक्कं. मी म्हटलं, होईन. मंग त्यानं विचारणं सोडलं."

मला रडू येत नव्हतं, रागच येत होता. कोणावर, ते कळत नव्हतं म्हणून आणखी येत होता. मला वाटत होतं की बातमी पोचलीच नाही. ती पोचली होती. इतक्या लांबून निघालेली ती थरथर बरोबर आमच्या रस्त्यावर, लसणाच्या गाळ्यात पोचली होती, तिथून डबा घेऊन आमच्या दारापर्यंत आली होती, आणि माझ्यावरच्या मायेने बाबांनी तिला दारातूनच परत पाठवलं होतं. खुशालकाका, ज्यांनी माझी सगळ्यात जास्त थट्टा केली, ते माझ्या कामावर विश्वास ठेवून दोन-तीन वर्षं थांबले होते. माझ्या डोक्यावर हात ठेवला तेव्हाही ते थांबलेलेच असणार. आणि मी मान खाली घालून निघून आले, कारण मला वाटलं की यांना माहीतच नाही.

"मले जपाले नव्हतं पाहिजे बाबा," मी म्हटलं. "मले मिरवाले पाहिजे होतं."

बाबांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे लाल होते, पण या दिवसांत ते सगळ्यांचेच असतात. मांडीवरचे देठ त्यांनी हळूहळू झटकले, कठड्याला हात लावून उभे राहिले आणि चपला शोधायला लागले.

"आता सांगून येतो ना मंग," ते म्हणाले.

मी कठड्यावरून खाली पाहिलं. पलीकडे खुशालकाकांच्या गाळ्यात हल्ली मोबाइलची कव्हरं मिळतात.